सतराशे साठ निळे

न्यू जर्सीत घर घेताना आपली माणसं तीन गोष्टी बघतात: शाळा कशी आहे, न्यूयॉर्कची ट्रेन कुठून मिळते आणि कढीपत्ता आणायला ओक ट्री रोडला जायला किती वेळ लागतो. फायरप्लेस या यादीत नसते. ती घराबरोबर येते. आमच्या घराबरोबर आलेली फायरप्लेस जमिनीपासून छतापर्यंत ओबडधोबड करड्या दगडांची आहे. घर दाखवणाऱ्या बाईंनी तिच्यासमोर उभं राहून आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाल्या, "ओरिजिनल फील्डस्टोन!" आम्हीही आवाज खाली आणून "वा!" म्हटलं. फील्डस्टोन म्हणजे नांगराला अडतात म्हणून शेतातून उपटून बांधावर टाकलेले धोंडे, हे कळलं तोवर कागदांवर सह्या झाल्या होत्या. माझ्या आजोबांनी साताऱ्याकडे उभा जन्म शेतातले धोंडे वेचून बांधावर टाकले. नातवाने तीस वर्षांचं कर्ज काढून ते दिवाणखान्यात घेतले.

धोंड्यांशी आमचं तसं काही वाकडं नव्हतं. आजूबाजूच्या भिंती फिकट बदामी होत्या, सोफा बदामी होता, गालिचा बदामी होता, आणि दिवाळीत पाहुणे आले की त्यांना शेवचकलीची बशी कुठे ठेवली आहे ते शोधावं लागे. मग एके दिवशी दातांच्या दवाखान्यात बायकोने एक गुळगुळीत मासिक उघडलं. त्यात एका घराचा फोटो होता. गडद निळी खोली, मधोमध दगडी फायरप्लेस, आत आग, पुढे एक कुत्रा झोपलेला. रूट कॅनाल माझा होता, पण त्याचा खर्च त्या फोटोपुढे किरकोळ ठरला.

"आपण निळं करू या?"

"करू या की," मी अर्ध्या बधिर तोंडाने म्हणालो. बधिर तोंडाने दिलेला होकार ग्राह्य धरू नये असा कायदा अमेरिकेतसुद्धा नाही.

डोंबिवलीला आमच्या दोन खोल्यांना रंग द्यायचा असला की वडील रंगाऱ्याला एकच प्रश्न विचारत, "कुठला आहे तुझ्याकडे?" त्याच्याकडे जो उरलेला असे तो आमच्या भिंतींना लागे. एका दिवाळीला पिस्ता, एकदा कुणाच्या तरी लग्नघरातून वाचलेला गुलाबी, एकदा खालच्या डिस्पेन्सरीचा आकाशी. कुणी हूं की चूं केलं नाही. भिंत ही कॅलेंडर लावायची जागा होती आणि तेल लावलेली डोकी टेकून तिच्यावर डाग पडू नयेत एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्यामुळे दुकानात जाऊन "निळा द्या" म्हटलं की निळा मिळतो, ही माझी समजूत पन्नाशीपर्यंत शाबूत होती.

दुकानात निळ्याची अख्खी भिंत होती. वरपासून खालपर्यंत निळ्या चिठ्ठ्या. बेंजामिन मूर ही रंगांची कंपनी आमच्याच राज्यातली, माँटव्हेलची, म्हणून शेजारधर्म पाळून आम्ही त्यांच्या निळ्यांपासून सुरुवात केली. त्यांचा हेल नेव्ही नावाचा निळा इथल्या निम्म्या दरवाजांवर आणि किचनच्या कपाटांवर दिसतो. मी म्हटलं, "हाच घे, विषय संपला." बायको म्हणाली, "सगळ्यांकडे तोच आहे." म्हणजे ज्या कारणासाठी मला तो हवा होता, त्याच कारणासाठी तिला तो नको होता.

चिठ्ठ्या घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांचा डाव मांडला गेला आणि आम्ही आठवडेच्या आठवडे किचनच्या ओट्याशी उभ्याने जेवलो.

"हा बघ. यात हिरवा आहे."

"कुठे?"

"आत आहे. नीट बघ. आणि ह्यात जांभळा."

"मग निळा कशात आहे?"

यावर तिने माझ्याकडे जी नजर टाकली तिच्यात काळा होता.

शेवटी एका मैत्रिणीने डिझायनर सुचवली. ही बाई तासावर पैसे घेत असे आणि बोलताना दोन शब्दांमध्ये बऱ्यापैकी मोठं अंतर ठेवी. ती आली, भिंतींकडे ढुंकूनही न बघता थेट धोंड्यांसमोर उभी राहिली आणि बराच वेळ (म्हणजे अंदाजे चाळीस डॉलर) गप्प राहिली. मग मला म्हणाली, "हा दगड तुम्हाला वॉर्म वाटतो की कूल?"

मी पुढे होऊन दगडाला हात लावला. "कूल," मी म्हणालो.

तिने डोळे मिटले. दगडाला अंडरटोन असतो, म्हणजे वरवर करड्या दिसणाऱ्या धोंड्याच्या मनात आतून तपकिरी, हिरवट किंवा जांभळट विचार चाललेले असतात आणि ते ओळखून निळा निवडायचा असतो, हे तिने मला समजावलं. शिवाय साठ-तीस-दहाचा नियम: खोलीत साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुसरा आणि दहा टक्के तिसरा. बेरीज शंभर भरते. तिचे पैसे त्यानंतर सुरू होतात.

तिच्या सल्ल्याने आम्ही छोट्या डब्या आणून भिंतीवर निळे चौकोन रंगवले. तिथे एक वेगळाच घोटाळा झाला. रंग लावला भिंतीला आणि बदलला दगड. गडद निळ्याशेजारी करडे धोंडे एकदम पिवळट, कावीळ झालेले दिसू लागले. मी घाबरलो, पण डिझायनरला आनंद झाला. ही गोष्ट जुनीच आहे म्हणे. पॅरिसला गोबेलिनच्या कारखान्यात गालिच्यांसारखे भिंतीवर टांगायचे पडदे विणत, तिथल्या रंगखात्यावर शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. काळा रंग फिका पडतो अशी विणकरांची ओरड होती. त्याने काळा तपासला, तो ठणठणीत होता. तो निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की मळका दिसे, एवढंच. शेजारी कोण बसलंय यावर रंग ठरतो, हे त्याने 1839 साली जाडजूड पुस्तक लिहून सिद्ध केलं. आमच्या चाळीत ही गोष्ट पुस्तकाशिवाय सगळ्यांना माहीत होती. फक्त ती माणसांबद्दल होती.

दिवसा पसंत पडलेला चौकोन रात्री नापसंत होई. आमची खोली उत्तरेला. दिवसभर येणारा उजेड निळसर आणि थंड, संध्याकाळी लागणारे दिवे पिवळे. त्यामुळे सकाळी चहाच्या वेळी एकमताने निवडलेला निळा रात्री जेवणानंतर हिरवट करडा होई आणि एकमत मोडे. डिझायनरने दिवे बदलायला सांगितले. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. 2700 म्हणजे पिवळा, 5000 म्हणजे पांढरा निळसर. 5000 चे दिवे लावल्यावर निळा बरोबर दिसू लागला, पण आमच्या दोघांचे चेहरे ओळखपरेडीला उभे केल्यागत दिसायला लागले. दिवे परत 2700 चे आणले.

अशात आमच्याकडे मराठी मंडळींच्या पॉटलकची, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायच्या जेवणाची, पाळी आली. मराठी माणसाला तुम्ही नोकरी बदलल्याचं सांगितलंत तर तो "बरं" म्हणतो, पण भिंतीवर निळे चौकोन काढून ठेवा, तो हातातलं पावभाजीचं ताट खाली ठेवतो. त्या संध्याकाळी पावभाजी गार झाली.

"निळा रीसेलला चालत नाही," घर विकण्याचा विचार स्वप्नातही नसलेल्या आम्हाला एकाने सांगितलं.

"आम्ही ग्रे केलं," दुसरा म्हणाला. "आम्ही पण," असा चार-पाच कोपऱ्यांतून प्रतिसाद आला आणि ग्रेवाले एका बाजूला जमले.

एकाने मोबाइलवर होकायंत्र उघडलं. "फायरप्लेस आग्नेयेला हवी. तुमची वायव्येला आहे."

"मग काय करायचं?"

"आता काय करणार! आणि त्यात तुम्ही निळा लावताय. निळा म्हणजे पाणी. अग्नीच्या भोवती पाणी." तो एवढं बोलून सुस्कारा टाकून श्रीखंडाकडे वळला. उपाय त्याच्याकडे नव्हता. फक्त काळजी होती, ती तो आमच्याकडे ठेवून गेला.

मग कुणीतरी तो भयंकर विषय काढला. "दगडच पांढरे रंगवून टाका ना! आजकाल सगळे करतात." खोलीत उभी फूट पडली. दगडावर रंग चढवणं सोपं, पण एकदा तो खाचाखोचांत मुरला की उतरवणं महाकठीण, हे खरं आहे. पण या मुद्द्यावर एक बाई, ज्यांच्या स्वतःच्या घरात फायरप्लेस म्हणजे भिंतीत बसवलेला विजेचा हीटर आणि त्यावर नाचणारा नारिंगी दिवा आहे, त्या ज्या तळमळीने "निसर्गाचा अपमान" म्हणाल्या, ते पाहून रंगवा म्हणणारे ओशाळले. निघताना प्रत्येकाने बायकोला बाजूला घेऊन आपापला निळा सांगितला. प्रत्येकाचा वेगळा होता आणि प्रत्येकाने जाताना "पण शेवटी तुला जो आवडेल तो" हे पालुपद जोडलं होतं.

मे महिन्यात सासूबाई आल्या. त्यांनी कोट काढायच्या आत भिंत पाहिली. सगळ्या चौकोनांवरून नजर फिरवून एका चौकोनावर बोट ठेवलं. तो डिझायनरचा लाडका चौकोन होता. जरासा धुरकट, पोत असलेला.

"हा आमच्या गोठ्याचा रंग," सासूबाई म्हणाल्या.

"आई, काहीतरीच काय!"

"अगं, काहीतरीच काय म्हणजे? चुन्यात नीळ घालायची. गोठ्याला आणि मागच्या पडवीला. निळ्याला माशा बसत नाहीत म्हणायचे. गणपतीच्या आधी दरवर्षी हात मारायचा."

नेमकी डिझायनर त्या वेळी घरात होती आणि माझ्या मुलीने सगळं इंग्रजीत सांगून टाकलं. डिझायनरचा चेहरा उजळला. तिने वही काढली. चुना कुठला, किती दिवस भिजवायचा, नीळ आधी घालायची की नंतर, ब्रश कसला, ती विचारत गेली आणि सासूबाई सांगत गेल्या. चुना फेसून ठेवायचा, फडक्यातून गाळायचा, नीळ पाण्यात वेगळी कालवायची नाहीतर भिंतीवर गाठी फुटून निळे ओघळ येतात. ब्रश नव्हता, केतकीच्या मुळीचं टोक ठेचून कुंचा करायचा. चिमूटभर मीठ. मुलगी भाषांतर करता करता दमली. शेवटी डिझायनरने सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली की हे ज्ञान फार दुर्मिळ आहे.

पुढच्या आठवड्यात तिचं अंदाजपत्रक आलं. त्यात एक नवी ओळ होती: हेरिटेज लाइमवॉश, हाताने. पुढचा आकडा मी सासूबाईंना रुपयांत करून सांगितला.

"गोठ्यासकट गाई आल्या असत्या," त्या म्हणाल्या.

फायरप्लेसकडे मात्र त्या संशयानेच बघत. "पेटवता का कधी?"

"अजून नाही."

"थंडीत घर गरम होतं का तिच्याने?"

इथे मला इतिहासात शिरावं लागलं. उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब सरळ धुराड्यातून वर जाते, हे अमेरिकेचं जुनं दुखणं. बेंजामिन फ्रँकलिनने त्यावर लोखंडी शेगडी काढली आणि 1744 मध्ये तिच्यावर पुस्तिका छापली. पुढे काउंट रम्फर्डने 1796 मध्ये निबंध लिहिला. हा काउंट मुळात मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नचा बेंजामिन थॉम्पसन, पण स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूला गेला म्हणून पळावं लागलं आणि बव्हेरियाने काउंट केलं. चुलीचं तोंड उथळ ठेवा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, म्हणजे ऊब खोलीत फेकली जाईल, असं त्याने सांगितलं. आमची फायरप्लेस बांधणाऱ्या गवंड्याने 1796 पासूनचं काही वाचलेलं नव्हतं. ती चांगली खोल आहे, बाजू काटकोनात आहेत.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे लाकडं आपण आणायची आणि ऊब कावळ्यांना."

कावळ्यांना नाही, हे जूनमध्ये कळलं. आधी धुराडं साफ करून घ्यायचं, मग रंग, असं ठरलं होतं. नाहीतर वर्षानुवर्षांची काजळी नव्या निळ्यावर बसली असती. धुराडं साफ करणारा माणूस आला. दरवर्षी तपासणी करून घ्यावी असं इथे सांगतात, आम्ही ते ऐकलं होतं आणि ऐकूनच सोडलं होतं. तो कमरेपर्यंत आत शिरला, वर टॉर्च मारला आणि ताबडतोब बाहेर आला. टोपी काढली. "तुमच्याकडे बर्ड्स आहेत."

चिमनी स्विफ्ट. मुठीएवढा काळपट पक्षी. त्याला फांदीवर बसताच येत नाही, पाय तसे नाहीत, म्हणून तो उभ्या भिंतीला नखं रुतवून लटकतो आणि तिथेच लाळेने काड्या चिकटवून अर्धी वाटी करतो. पूर्वी पोकळ झाडांत राही. झाडं तोडून माणसांनी धुराडी बांधली, तर तो बिनतक्रार धुराड्यांत आला. थंडीत दक्षिण अमेरिकेत जातो आणि उन्हाळ्यात परत त्याच धुराड्यात येतो. त्याच्या अंड्यापिल्लांसकट घरटं हलवायला 1918 च्या कायद्याने बंदी आहे.

"मग कधी साफ करायचं?" मी विचारलं.

"ते गेले की."

"कधी जातील?"

त्याने खांदे उडवले आणि येण्या-जाण्याचे पैसे घेतले.

त्या उन्हाळ्यात आमच्या भिंतीतून आवाज येत. आधी भुर्रर्र असा पंखांचा, मग पिल्लं झाल्यावर सगळ्या धोंड्यांमधून किलबिल. एखादा पक्षी आत उतरला की दगडामागे मेघ गडगडल्याचा भास होई. डिझायनरला फोटो काढायचे होते, तिला थांबवलं. रंगाऱ्याला तारीख दिली होती, ती रद्द केली. या सगळ्यात सासूबाई तेवढ्या खूश होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी घरात फर्मान काढलं, "बाळंतीण आहे घरात. टीव्हीचा आवाज कमी करा." स्वतःच्या बाळंतपणाच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी केल्याचं बायकोला आठवत नाही, हे तिने मला ऐकवलं. सासूबाई रोज दुपारी फायरप्लेससमोर खुर्ची टाकून बसत, जपमाळ ओढत आणि वर कान देत. "आज भूक लागलीय त्यांना." "आज उडायला शिकवतेय." शेजारच्या अमेरिकन आजीबाई एकदा केक घेऊन आल्या आणि दोघी भाषेवाचून अर्धा तास तशाच बसल्या. त्या खोलीत त्याआधी आणि त्यानंतर कुणी एवढा वेळ बसल्याचं मला स्मरत नाही.

सप्टेंबरात पक्षी गेले. ऑक्टोबरात, सहा महिने भरायच्या आत, सासूबाई गेल्या. व्हिसा दोघांपैकी एकालाच लागला.

धुराडं साफ झालं, वर जाळीची टोपी बसली (सासूबाईंना हे कळवलेलं नाही) आणि पुन्हा निळ्याचा प्रश्न उभा राहिला. बायको थकली होती. टेबलावरच्या चिठ्ठ्यांवर आता चहाचे डाग पडले होते आणि डागासकटचे निळे तिला जास्त आवडू लागले होते. अशा वेळी मी रोलर आणायला दुकानात गेलो असताना कोपऱ्यातल्या एका मांडणीवर डबे दिसले. कुणी रंग मिसळून घेतो, घरी नेऊन बघतो, नवरा-बायकोचं भांडण होतं, डबा परत येतो. किंवा मिसळतानाच गफलत होते. असे डबे तिथे पाव किमतीला ठेवतात. झाकणावर आतल्या रंगाचा एक ठिपका, बाकी नाव नाही, गाव नाही. त्यातला एक ठिपका निळा होता. किमतीकडे पाहून मला तो फारच आवडला.

निळ्याच्या बाबतीत हे असंच चालत आलंय. 1706 च्या सुमाराला बर्लिनमध्ये एक रंगवाला लाल बनवायला बसला होता, त्याच्या मालात भेसळ निघाली आणि प्रशियन ब्लू तयार झाला. 2009 मध्ये ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत चेन्नईचे मास सुब्रमणियन आणि त्यांची मंडळी इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं काहीतरी करायला निघाली होती. भट्टीत, हजार-बाराशे अंशांना, यिट्रियम, इंडियम आणि मँगनीजचं मिश्रण तापवलं आणि बाहेर आला लखलखीत निळा. जगाला नवा निळा मिळाला. तेव्हा मांडणीवरचा बेवारशी डबा उचलताना माझ्या पाठीशी मोठी परंपरा होती.

मी घरी येऊन बायकोला न सांगता हातभर भिंत रंगवली. ती ऑफिसातून आली, पर्स खांद्याला तशीच, बघत राहिली. मग दिवा लावून बघितला. मग दिवा बंद करून.

"हा," ती म्हणाली. "हाच. कुठला आहे?"

"मिसळून घेतला," मी म्हणालो. हे शब्दशः खरं होतं. फक्त कुणी, ते वाक्यात आलं नाही.

डिझायनर आली. गप्प राहिली. या वेळी चाळीस नाही, साठ डॉलर तरी झाले असतील. "धाडसी," ती शेवटी म्हणाली. "आणि दगडाला काय न्याय दिलाय!" धोंडे खरोखरच ना पिवळे ना जांभळे, धोंड्यांच्या रंगाचे दिसत होते.

तीन भिंती झाल्या आणि डबा संपला. चौथी भिंत, तीही नेमकी सोफ्यामागची, बदामीच राहिली. त्या निळ्याचा फॉर्म्युला जगात कुणाकडेही नव्हता. मग सुकलेल्या रंगाचा पोपडा काढून दुकानात नेला. तिथे यंत्र आहे, ते पोपड्यावर उजेड पाडून रंग मोजतं आणि कुठली रंगद्रव्यं किती घालायची ते सांगतं. यंत्राने सांगितलं, मिसळलं, डबा आला. यंत्राच्या हिशेबाने दोन्ही निळे एक होते. भिंतीच्या हिशेबाने नव्हते. चौथी भिंत अगदी किंचित, पण नक्की, वेगळी झाली.

मी रात्रभर तळमळलो. सकाळी डिझायनर आली, चौथ्या भिंतीकडे पाहून तिने हळूहळू मान डोलावली. "टोन ऑन टोन. तुम्ही शिकलात!" पुढच्या पॉटलकला ग्रेवाल्यांपैकी दोघींनी बायकोला बाजूला घेऊन रंगाचा नंबर विचारला. "कस्टम आहे गं," बायको म्हणाली, आणि तिला खरं काय ते कळलेलं होतं की नव्हतं, हे मला आजवर समजलेलं नाही.

खोली तयार झाली. डिझायनरने दोन अटी घातल्या. एक म्हणजे खोलीत लक्ष वेधणारी वस्तू एकच हवी, ती फायरप्लेस. म्हणून टीव्ही हद्दपार होऊन तळघरात गेला. दुसरी अट निळ्या गालिच्याची. तो आगीच्या पायथ्याशी भिडायला हवा, असं तिचं म्हणणं. बांधकामाच्या नियमाप्रमाणे चुलीच्या तोंडापुढे सोळा इंच, आणि तोंड सहा चौरस फुटांहून मोठं असेल तर वीस इंच, जळणारं काही असता कामा नये. डिझायनर आणि नियम यांच्यात मी टेप घेऊन उभा होतो. नियम जिंकला, पण गालिचा वीस इंच मागे सरकल्यावर सोफा सरकला, सोफा सरकल्यावर दार अर्धंच उघडू लागलं, आणि आता आडवं होऊन आत यावं लागतं.

थँक्सगिव्हिंगला आम्ही पहिल्यांदा फायरप्लेस पेटवली. वर्षभर वाळलेला ओक आणला होता. आग सुंदर लागली. धोंडे उजळले, निळ्या भिंती मखमली दिसू लागल्या, कुत्रा तेवढा नव्हता. थोड्या वेळाने मुलगी गोधडी गुंडाळून जिन्यावरून खाली आली. "वर फ्रीझिंग आहे!" घरभराच्या हीटिंगचा थर्मोस्टॅट निळ्या खोलीतच आहे. खोली तापली तशी थर्मोस्टॅटने घर गरम झालं असं समजून भट्टी बंद केली. शिवाय आग स्वतः पेटती राहायला घरभरची गरम हवा ओढून धुराड्यातून बाहेर फेकत होती. म्हणजे खाली आम्ही घामाघूम आणि वर सगळे काकडत. सासूबाईंचं वाक्य आठवलं, पण बोललो नाही.

तेव्हापासून आम्ही आग तळघरात बघतो. टीव्हीवर. ही युक्तीही जुनी. 1966 च्या नाताळात न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीने महापौरांच्या ग्रेसी मॅन्शन या घरातली फायरप्लेस चित्रित केली आणि तोच सतरा सेकंदांचा तुकडा तासन् तास फिरवला. ज्यांच्या फ्लॅटमध्ये धुराडं नाही त्यांच्यासाठी. चित्रीकरणात आग नीट दिसावी म्हणून पुढची जाळी काढली आणि ठिणगी उडून महापौरांचा किमती गालिचा जळाला. काही वर्षांनी पुन्हा चित्रित करायची परवानगी मागितली तर शहराने हात जोडले आणि बिचाऱ्यांना कॅलिफोर्नियातली चूल शोधावी लागली. आमच्याकडे खरी चूल आहे, खरे धोंडे आहेत, खरा ओक गॅरेजमध्ये रचून ठेवलेला आहे. आणि घरातले सगळे तळघरात, बदामी भिंतींमध्ये, जुन्या बदामी सोफ्यावर पाय वर घेऊन टीव्हीतल्या आगीपुढे शेंगा फोडत बसलेले असतात.

तेव्हा कधी जर्सीत आलात तर जरूर या. पण मागच्या दाराने या, तिथून थेट तळघरात उतरता येतं. पुढच्या दाराने आलात तर पाहुणे समजून तुम्हाला निळ्या खोलीत बसवलं जाईल, आणि चहा तिथे नेत नाहीत. गालिच्यावर सांडतो.